उजवा कप सैल का होतो? जुन्या इटालियन सायकलींचे बॉटम ब्रॅकेट

इटलीतल्या गायोले इन किआन्ती गावातून १९९७ पासून ‘लेरोइका’ ही सायकलफेरी निघते. तिथे १९८७ पूर्वीच्या धाटणीची रेसिंग सायकल लागते. अशा सायकलींच्या हौशी मंडळींत एक समज घट्ट रुजला आहे: फ्रेमवर कोल्नागो, मासी किंवा बियांकी असं इटालियन कंपनीचं नाव लिहिलंय ना, मग बॉटम ब्रॅकेट इटालियनच. बहुतेक वेळा हे खरं निघतं, म्हणून कुणी तपासत नाही, आणि एखाद दिवशी फ्रेमचे आटे जातात.

बॉटम ब्रॅकेट म्हणजे दोन्ही क्रँक (पायडलचे दांडे) ज्यावर बसतात तो आस, त्याच्या दोन्ही टोकांचे छर्रे आणि छर्रे ज्यांत फिरतात ते दोन कप. फ्रेमच्या तळाशी जी आडवी नळी असते तिला शेल म्हणतात; कप तिच्यात आट्यांनी बसतात. इटालियन कपाचा व्यास ३६ मिमी, इंचाला २४ आटे, शेल ७० मिमी रुंद आणि दोन्ही बाजूंचे आटे सरळ, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळणारे. इंग्लिश कप १.३७० इंच, म्हणजे ३४.८ मिमी; आटे इंचाला २४च, शेल ६८ मिमी, पण उजव्या बाजूचे आटे उलटे. व्यास मिलिमीटरमध्ये आणि आटे इंचात, ही इटालियन खिचडी कशीही असो, खरी गंमत त्या उलट्या आट्यांत आहे.

उजव्या बाजूला उभं राहून पाहा. पायडल मारलं की आस घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. साध्या तर्काने छर्र्यांच्या घर्षणामुळे कपही त्याच दिशेला ओढला जायला हवा, आणि सरळ आटे त्या दिशेला आवळतात. म्हणजे इटालियन शहाणे आणि मुद्दाम उलटे आटे पाडणारे इंग्रज वेडे! प्रत्यक्षात सैल होतो तो इटालियनांचाच कप.

बेअरिंग ठीक असेल तर घर्षणाची ओढ नगण्य असते. करामत करतो तो फिरता दाब. छर्रे आसाच्याच दिशेने, पण साधारण निम्म्या वेगाने कपात फिरतात. छर्रा जिथे असेल तिथे कप किंचित बाहेर रेटला जातो आणि शेलला टेकतो. छर्रा पुढे गेला की टेकण्याची जागाही पुढे जाते. कप शेलपेक्षा केसभर लहान असल्यामुळे तो शेलच्या आतल्या अंगावर चक्क गडगडत जातो. आतल्या अंगावर गडगडणारी वस्तू स्वतःभोवती उलट दिशेला फिरते. विश्वास बसत नसेल तर मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं वरचं टोक दुसऱ्या हाताच्या बोटाने ढकलत गोल फिरवा. पेन्सिल उलटी वळताना दिसेल.

ढोबळ हिशेब करू. कप आणि शेल यांत ०.१ मिमी मोकळीक धरली, तर टेकण्याच्या जागेच्या एका फेरीत कप ३६० × ०.१ ÷ ३६, म्हणजे बरोबर एक अंश मागे वळतो. मिनिटाला अशा चाळीस फेऱ्या झाल्या, तर पूर्ण मोकळा कप नऊ मिनिटांत अख्खा एक आटा बाहेर येईल. हा कमाल आकडा आहे. कप कसून आवळला की मोकळीक संपते आणि गडगडणंही संपतं. डाव्या बाजूने पाहिलं तर सगळ्या दिशा उलटतात, म्हणून तिथे सरळ आटे आपोआप आवळत राहतात. डावा कप दोन्ही देशांत सरळ आट्यांचा आहे तो यामुळेच.

जुना माल विकणारे या सरळ आट्यांना ‘इटालियन कारागिरांचं गुपित’ म्हणतात. गुपित कसलं? यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही कमअस्सल रचना आहे आणि ती पान्याच्या जोरावर चालते. चालते मात्र नक्की. पिनारेलो या इटालियन कंपनीने डोग्मा या कार्बनच्या रेसिंग सायकलीवरही इटालियन आटेच ठेवले.

ओळखायचं कसं? कपाच्या तोंडावर ठसा असेल तर तो वाचा: ३६ × २४ म्हणजे इटालियन, १.३७० × २४ म्हणजे इंग्लिश, ३५ × १ असेल तर बहुधा फ्रेंच. कप निघालेले असतील तर व्हर्नियर कॅलिपर घ्या, पण जपून. शेल आतून मोजताना जबडे आट्यांच्या शेंड्यांना टेकतात, त्यामुळे इटालियन शेल ३४.६ ते ३४.९ मिमी भरतो. हा तर इंग्लिश कपाचा बाहेरचा व्यास! ३४.८ वाचून माणूस तक्ता बघतो, इंग्लिश कप मागवतो, आणि तो कप आट्यांना न धरता आत घरंगळतो. इंग्लिश शेल आतून ३३.६ ते ३३.९ मिमी भरतो.

रुंदी ६८ आणि आटे ३६चे, असा संकर दिसला तर दचकू नका. इंग्लिश शेलचे आटे झिजले की तोच शेल मोठा करून त्यात इटालियन आटे पाडता येतात. उलटं करता येत नाही, कारण कापलेलं पोलाद परत येत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेसाठीच्या बऱ्याच बियांकी जपानमध्ये बनल्या. नाव इटालियन, आटे इंग्लिश. आस बदलताना त्याच्या चौकोनी टोकांकडेही लक्ष हवं. कांपान्योलो या इटालियन कंपनीचा जुना क्रँक जपानी मापाच्या आसावर चढवला तर तो साधारण साडेचार मिमी बाहेर बसतो आणि साखळीची रेषा चुकते.

कधी शेलच्या दोन्ही कडा ४५ अंशांत तासलेल्या दिसतात. ते माविक या फ्रेंच कंपनीच्या बॉटम ब्रॅकेटसाठी. तो शेलच्या आट्यांत बसतच नाही, दोन कड्यांनी या तिरप्या कडांना दोन्हीकडून आवळून राहतो. आटे गेलेली फ्रेम वाचवायलाही लोक तो वापरत, तेव्हा अशा शेलमध्ये आट्यांच्या जागी गुळगुळीत भोक सापडलं तरी ते भरायची घाई करू नका.