गोलांचा दुष्काळ आणि दहा चिंचोके

गेल्या रविवारी रात्री भाच्याचा फोन आला. परभणीत त्यांची फुटबॉलची टीम आहे. नोकरी, दुकान, कॉलेज सांभाळून पहाटे सहाला मैदानावर जमणारी पोरं. "मामा, आमच्या स्ट्रायकरचं काय करावं? सात सामने झाले, एक गोल नाही. कुणाशी नीट बोलंना. प्रॅक्टिसला आला तर आला. शेजारच्या जिल्ह्यातले क्लबवाले मागायलेत, देऊन टाकू का?" मागून कुणीतरी म्हणालं, "त्याला नजर लागली." दुसऱ्याचा आवाज आला, "एक आंबा नासला की अख्खी अढी जाती."

मी संख्याशास्त्र शिकवतो. मी हो किंवा नाही म्हणालो नाही, त्याला एक काम सांगितलं. सातही सामन्यांत त्या पोरानं, म्हणजे गोल करायचं मुख्य काम ज्याचं त्या स्ट्रायकरनं, गोलच्या दिशेनं किती फटके मारले, ते सगळ्यांना आठवायला लावून, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, कागदावर लिहून काढ. गोल मोजू नको, फटके मोज. असं का सांगितलं, ते इथं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न एकट्या परभणीच्या टीमचा नाही. कोट्यवधी पौंडांचे खेळाडू विकत घेणारे क्लबही इथंच चुकतात.

फुटबॉलमध्ये गोल ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. मोठ्या लीगमध्येसुद्धा साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो. आता घरातले दहा चिंचोके घ्या. एकावर खडूनं खूण करा आणि सगळे डब्यात टाका. न बघता एक काढा, परत आत टाका, डबा हलवा. असं तीनदा केलं की एक सामना झाला, कारण आपला स्ट्रायकर सामन्यात सरासरी तीन फटके मारतो असं धरू. खुणेचा चिंचोका आला तर गोल. मी आणि माझ्या मुलीनं एका संध्याकाळी असे तीस सामने खेळले. तिनं वहीत टिंबं मांडली, आणि मधली लांबच लांब कोरी ओळ बघून ती म्हणाली, "बाबा, ह्याला काय झालंय?" चिंचोक्याला काहीही झालेलं नव्हतं.

हिशेब असा. एका फटक्यात गोल न होण्याची शक्यता ०.९. तीन फटक्यांत एकही गोल न होण्याची शक्यता ०.९ चा तीनदा गुणाकार, म्हणजे ०.७२९. दहातल्या सात सामन्यांत चांगला स्ट्रायकरही रिकाम्या हातानं परततो. सलग सात सामने कोरडे जाण्याची शक्यता सुमारे ११ टक्के. ही कमी वाटते, पण आपण कुठलेही ठरावीक सात सामने बघत नाही. पूर्ण हंगामात कुठं तरी दुष्काळ पडला की मगच आपलं लक्ष जातं. तीस सामन्यांच्या हंगामात कुठं तरी सलग पाच कोरडे सामने येण्याची शक्यता ९२ टक्के भरते, आणि सलग सात येण्याची ६४ टक्के. ज्याच्या पायात, डोक्यात, घरात कसलाही बदल झालेला नाही, अशा खेळाडूच्या वाट्याला हे येतं.

आता मला सगळ्यात आवडणाऱ्या गोष्टीकडे वळतो. दुष्काळाच्या तळाशी उभं राहून पुढं बघितलं, तर पुढचे सामने बहुधा बरे जातात. त्यासाठी कुणी काही करावं लागत नाही. चिंचोक्यांना मागचं आठवत नाही, त्यामुळे पुढचे सामने खेळाडूच्या नेहमीच्या पातळीवर जातात. याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजली फ्रान्सिस गॉल्टन यांनी. १८८६ मध्ये त्यांनी आईवडिलांच्या २०५ जोड्या आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंचीचा अभ्यास मांडला. उंच आईवडिलांची मुलं उंचच निघाली, पण आईवडील सरासरीपेक्षा जितके उंच होते त्याच्या दोन तृतीयांशच. बुटक्यांची मुलं बुटकी, पण तितकी नाहीत. एखादी शक्ती सगळ्यांना मध्याकडे ओढते आहे असं वाटतं. पण तोच तक्ता उलटा वाचा. अतिउंच मुलं निवडा आणि त्यांचे आईवडील बघा. तेही मुलांपेक्षा सरासरीच्या जवळ! आता मुलांनी काही आईवडिलांना मागं ओढलेलं नसतं. म्हणजे ओढणारं कुणीच नाही. टोकाची माणसं निवडून काढण्याच्या आपल्या कृतीतूनच हे परतणं जन्माला येतं. टोकाला जो सापडतो, त्याच्या टोकाला असण्यात थोडी कुवत असते आणि थोडा योगायोग. पुढच्या खेपेला कुवत सोबत येते, योगायोग येईलच असं नाही.

किती परतायचं, याचंही सूत्र आहे. समजा, एखाद्या लीगमधले स्ट्रायकर दहा सामन्यांत सरासरी ३ गोल करतात. त्यांच्यातल्या खऱ्या कुवतीचा फरक, म्हणजे प्रमाणित विचलन, १ गोल धरू. त्याचा वर्ग, म्हणजे विचरण, १. आता योगायोगाचं विचरण बघा. दहा सामन्यांत ३० फटके, म्हणून ३० गुणिले ०.१ गुणिले ०.९, उत्तर २.७. दिसणाऱ्या एकूण फरकात कुवतीचा वाटा १ भागिले ३.७, म्हणजे ०.२७. दहा सामन्यांत शून्य गोल करणाऱ्याकडून पुढच्या दहांत किती गोलांची अपेक्षा धरावी? ३ मधून ०.२७ गुणिले ३ वजा करा: २.१९. शून्य नव्हे, दोनच्या वर! पण हेच शंभर सामन्यांवर करून बघा. कुवतीचं विचरण शंभरपट होतं, योगायोगाचं दहापटच, म्हणून कुवतीचा वाटा १०० भागिले १२७, जवळपास ०.७९. शंभर सामन्यांच्या नोंदीवर विश्वास ठेवावा. दहा सामन्यांच्या नोंदीवर खेळाडू विकू नये. ज्यांना हा परिच्छेद जड गेला, त्यांनी शेवटची दोन वाक्यं तेवढी धरून ठेवावीत.

आपल्या मराठवाड्याला हे समजायला मैदानावर जायची गरज नाही. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी झाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत ज्यांनी हंड्यांच्या रांगा लावल्या, ते आयुष्यभर विसरणार नाहीत. असा दुष्काळ पडला की धोंडी निघते, बेडकांची लग्नं लागतात, नवस बोलले जातात. आणि २०१६ चा पावसाळा चांगला झाला, लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं. ज्यानं नवस बोलला होता, त्याला तो फळला असं वाटणारच. पण ज्या गावांनी काहीच केलं नव्हतं, त्यांच्याही शिवारात तोच पाऊस पडला. उपाय नेहमी तळाशी गेल्यावर केले जातात आणि तळानंतर बहुतेक वेळा चढच असतो. दृष्ट काढणं, गोलपोस्टला लिंबू-मिरची बांधणं, अंगठीतला खडा, हे सगळं याच्याच जोरावर टिकून आहे. या पोराची आज दृष्ट काढली आणि पुढच्या सामन्यात गोल झाला, तर ती टीम जन्मभर दृष्ट काढत राहील. मला ह्याची खरंच काळजी वाटते.

शिकलेली माणसंही सुटत नाहीत. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनमन इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. एक प्रशिक्षक म्हणाला, चांगलं उड्डाण केल्यावर कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं, झापलं की सुधारतं, म्हणून झापणंच बरं. त्याचं निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष चुकीचा. फार वाईट उड्डाणानंतरचं उड्डाण न झापताही बरंच होतं. नेदरलँड्समध्ये १९८६ ते २००४ या काळातल्या फुटबॉल क्लबांचा असाच अभ्यास झाला आहे. सलग हरणाऱ्या क्लबांनी प्रशिक्षक हाकलले आणि निकाल सुधारले. पण तितकेच हरलेल्या आणि प्रशिक्षक न बदललेल्या क्लबांचेही निकाल तसेच सुधारले. ज्या गावांनी नवस बोलला नाही, ती गावं म्हणजे हेच क्लब.

इथं एक इशारा द्यायलाच हवा. सरासरीकडे परतणं खरं, पण सरासरी स्वतःच खाली सरकली असेल तर? स्पेनचा स्ट्रायकर फर्नांडो टोरेस लिव्हरपूल या इंग्लिश क्लबसाठी १४२ सामन्यांत ८१ गोल करून बसला होता. जानेवारी २०११ मध्ये चेल्सीनं त्याला ५ कोटी पौंडांना घेतलं. तिथं पहिला गोल व्हायला जवळपास तीन महिने लागले. तो गोल झाला, दुष्काळ संपला, पण जुना टोरेस परत आला नाही: चेल्सीसाठी १७२ सामन्यांत ४५ गोल. चेल्सीला जाण्याआधी, २०१० मध्ये, त्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या होत्या. पायच बदलला असेल, तर जुन्या सरासरीची वाट बघून उपयोग नाही.

म्हणून फटके मोजायचे. एका सामन्यात गोल शून्य किंवा एक, फटके तीन-चार. मोजायला जास्त गोष्टी मिळाल्या की योगायोगाचा गोंधळ लवकर विरतो. फटके पूर्वीइतकेच असतील आणि गोल होत नसतील, तर तो चिंचोक्यांचा खेळ आहे, थांबा. फटकेच आटले असतील, तर काहीतरी बदललं आहे.

आता आंब्याची अढी. आंबा पिकताना इथिलीन वायू सोडतो, त्या वायूनं शेजारचा आंबा पिकायला लागतो, मग तोही इथिलीन सोडतो. केशरच्या बागा असलेल्या आपल्या लोकांना हे अनुभवानं ठाऊक आहे. माणसाच्या मनाचं मात्र असं एकाच दिशेनं जात नाही. इंग्लंडमधल्या पीटर टॉटरडेल यांनी दोन व्यावसायिक क्रिकेट संघांतल्या खेळाडूंना छोटे संगणक देऊन चार दिवसांच्या सामन्यात रोज तीनदा स्वतःची मनःस्थिती नोंदवायला लावली. सामना कुठल्या बाजूला झुकला आहे हे वजा केल्यावरही खेळाडूची मनःस्थिती सहकाऱ्यांच्या मनःस्थितीशी जोडलेली दिसली. ज्यांचं वय जास्त, ज्यांचा संघावर जीव जास्त, त्यांच्यात ही जोडणी घट्ट होती. म्हणजे उदास खेळाडू टीमला उदास करतो, तशीच टीमही त्याला करते, आणि आनंदही त्याच वाटेनं जातो. एक आंबा उचलून फेकला की अढी वाचेल, असं गृहीत धरता येत नाही.

नाराज खेळाडू ठेवून घेतल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझचं. एप्रिल २०१३ मध्ये त्यानं प्रतिस्पर्ध्याला चावा घेतला, दहा सामन्यांची बंदी आली, मग उन्हाळ्यात त्यानं क्लब सोडायचा आहे असं उघड सांगितलं. आर्सेनलनं ४ कोटी आणि वर १ पौंड देऊ केला. लिव्हरपूलनं नकार दिला, काही दिवस त्याला एकट्याला सराव करायला लावला. बंदी संपल्यावर तो परतला आणि ३३ लीग सामन्यांत ३१ गोल केले. पुढच्या उन्हाळ्यात बार्सिलोनानं त्याला कितीतरी जास्त किंमत देऊन नेलं. हे उदाहरण सांगतो, पण एका उदाहरणावर नियम बांधू नका. त्याची नाराजी मोठी होती, पण त्याचे गोल कधी आटलेच नव्हते.

आणि नाराजी व आजार यांत गल्लत नको. खेळाडूंच्या जागतिक संघटनेनं २०१५ मध्ये ६०७ खेळत्या फुटबॉलपटूंना विचारलं, तेव्हा ३८ टक्क्यांनी नैराश्याची किंवा चिंतेची लक्षणं सांगितली. जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के वर्षानुवर्षं नैराश्य लपवत राहिला आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यानं आयुष्य संपवलं. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण अभिमानानं म्हणतो. जर्मनीतल्या संघांनाही हे वेळेत कळलं नव्हतं, हे परभणीच्या पोरांनी लक्षात ठेवावं. झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यात राम नाही असं कुणी बोललं, तर तो प्रश्न कॅप्टनचा नाही, डॉक्टरांचा आहे. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.

गुरुवारी भाच्यानं कागदाचा फोटो पाठवला. सात सामन्यांतले फटके: चार, दोन, तीन, पाच, दोन, शून्य, शून्य. पहिल्या पाच सामन्यांत १६ फटके आणि गोल नाही, असं शंभरात अठरा-एकोणीस वेळा नुसत्या योगायोगानं होतं. तेवढ्यापुरता पोरगा निर्दोष. पण सरासरी तीन फटके मारणाऱ्याच्या वाट्याला सलग दोन सामने शून्य फटके, हे चारशेत एकदा येतं. मी भाच्याला म्हणालो, "गोलांचं सोड. मागच्या पंधरा दिवसांत त्याच्याकडं काय झालंय, घरी जाऊन बघ."

तो गेला. सोयाबीन पाण्यात गेलं होतं आणि पोरगा पंधरा दिवसांपासून रात्री मोंढ्यात ट्रक भरायला जात होता. तिथून सुटून थेट पहाटे सहाच्या प्रॅक्टिसला, जमेल त्या दिवशी. टीममध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या क्लबला त्यांनी अजून काही कळवलेलं नाही. प्रॅक्टिस पहाटेऐवजी संध्याकाळी साडेपाचला नेली आहे. पुढचा सामना येत्या रविवारी आहे, आणि फटक्यांची वही मी भाच्याला पुन्हा भरायला सांगितली आहे.