इंजिन मिसिंग आणि चेक लाईट

गाडी मिसिंग मारते म्हणजे इंजिनच्या एखाद्या सिलेंडरमधे हवा-पेट्रोलचं मिश्रण वेळेवर पेटतच नाही किंवा अर्धवट पेटतं. बाकीचे सिलेंडर आपापलं काम करत असतात पण ज्याची पाळी चुकली त्याच्या वाट्याचा जोर क्रँकला (इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याला) मिळत नाही, मग गाडी झटके खाते, पिकअप जातो, सिग्नलला उभी असताना सीट आणि स्टिअरिंग थरथरतं. चार सिलेंडरची गाडी असेल तर गॅरेजमधे सरळ म्हणतात, "गाडी तीनवर चालतेय." मुळातच तीन सिलेंडर असलेल्या छोट्या गाड्या आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) थोड्या हलतातच, ते मिसिंग नव्हे.

पद्मिनी-अँबेसिडरच्या काळात मिस्त्री चालू इंजिनवर एकेका प्लगची (सिलेंडरमधे ठिणगी पाडणाऱ्या भागाची) वायर काढून बघायचे, जी काढल्यावर आवाजात काही फरक पडत नाही तो सिलेंडर मेलेला. आताच्या गाडीत हे काम ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, करतो. क्रँक सेन्सर क्रँकचा वेग सतत मोजत असतो, प्रत्येक स्फोटाला क्रँकला हलकासा हिसका बसून वेग वाढतो आणि तो हिसका ज्या पाळीला आला नाही तो सिलेंडर ईसीयू टिपून ठेवतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांच्या धक्क्यानेही क्रँकचा वेग खालीवर होतो, म्हणून बऱ्याच गाड्यांत रस्ता खराब आहे हे ओळखून तेवढ्या वेळापुरती ही मोजणी थांबवायची सोय असते.

ही सगळी व्यवस्था ओबीडी-२ चा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायच्या पद्धतीचा, भाग आहे. अमेरिकेत ती १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, भारतात बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) गाड्यांना एप्रिल २०१३ पासून. मिसिंग नोंदलं गेलं की डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो, आणि तो कसा लागलाय हे सगळ्यात आधी बघायचं. स्थिर असेल तर साधारण दोन फेऱ्यांमधे (गाडी चालू करून, चालवून बंद केली की एक फेरी) तोच दोष पुन्हा दिसलाय, गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर मात्र मिसिंग इतकं जास्त आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जाऊन तिथे जळतंय, आतली जाळी तापून वितळू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं त्यामुळे तो खर्च प्लग आणि त्याला व्होल्टेज देणाऱ्या कॉईलच्या कितीतरी पट जातो. लुकलुकता दिवा दिसला की ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, खरंच घ्या.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, तिथे स्कॅनर लावला की ईसीयूने नोंदलेल्या दोषाचा कोड मिळतो. पी०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त सिलेंडर किंवा कुठलाही एक नक्की नाही, पी०३०१ पहिला सिलेंडर, पी०३०२ दुसरा, असं पुढे. इथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण कोड फक्त पत्ता सांगतो, गुन्हेगार कोण ते सांगत नाही. माझ्या गाडीत पी०३०३ आला तेव्हा कॉईलचा अख्खा सेट बदला असा सल्ला मिळाला होता. तो न ऐकता तिसऱ्याची कॉईल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावली, कोड पुसला, गाडी फिरवली, कोड तिसऱ्यावरच राहिला म्हणजे कॉईल चांगली होती. मग प्लगची अदलाबदल केली तर पी०३०२ आला. प्लग उजेडात धरून पाहिला तेव्हा पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, ठिणगी टोकाला न पडता त्या रेघेवरून बॉडीत उतरत होती. एका प्लगचा खर्च होता, पण बाकीचेही तेवढेच चाललेले म्हणून सगळे बदलले.

प्लगवरून बरंच कळतं. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघा. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, ते न बदलता नुसती कॉईल बदलली तर नवी कॉईलही खराब होणार. पावसाळ्यात याच विहिरीत पाणी शिरतं, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की उंदीर वायरिंग कुरतडतात, हे आपल्याकडे फार होतं.

सीएनजी गाडीत एक सोपी तपासणी हाताशीच असते. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं त्यामुळे प्लग किंवा कॉईल कमजोर झाली की मिसिंग आधी सीएनजीवर दिसतं, घाटात लोड आला की जास्तच. फक्त सीएनजीवर होत असेल तर प्लग, त्याच्या टोकाचा गॅप, कॉईल, गॅस फिल्टर बघा, फक्त पेट्रोलवर होत असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर, आणि दोन्हीवर सारखंच असेल तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजून घ्या, कारण सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट झिजून टॅपेटचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचं) अंतर कमी होतं आणि व्हॉल्व्ह नीट बसत नाही. इनटेकचा पाईप फाटून हवा आत ओढली जात असेल तर मिसिंग सहसा आयडलला जास्त आणि वेगात कमी असतं.

दुरुस्तीनंतर दोष परत आला नाही तर तीन नीट फेऱ्यांनी दिवा आपोआप विझतो. बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवायची पद्धत सर्रास आहे पण त्यात कोडसोबत ईसीयूने साठवलेली त्या क्षणाची माहितीही जाते, आरपीएम किती होता, इंजिन गार होतं की गरम, लोड किती होता, आणि दोष शोधायला नेमकी तीच लागते, म्हणून काहीही पुसायच्या आधी स्कॅनरच्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.