दीड वेढा कापण्याआधी : छोट्या गाड्या खाली का आल्या

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या गॅरेजसमोर स्विफ्ट किंवा पोलो उभी राहते. पोरगा उतरतो आणि टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं घालून दाखवतो. "मेस्त्री, एवढी गॅप दिसतीय बघा. गाडी खाली बसवून द्या." कधी डिकीत लोअरिंग स्प्रिंगचा नवा सेट असतो, कधी नुसतंच "पुढच्या स्प्रिंगचा दीड वेढा काढा" एवढं सांगणं. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : वळणाला गाडी चिकटून चालते.

उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं कुठं राहून गेलं, हे बघायला जरा मागं जावं लागतं.

शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लोक तिचा रुबाब बघतात. मी वाकून तिचं पोट बघतो. त्या जमान्यातल्या बहुतेक गाड्या घोडागाडीच्या नात्यातल्या. खाली अ‍ॅक्सल, त्यावर पोलादी पाट्यांच्या कमानी, कमानींवर चासी आणि चासीवर बॉडी. रस्ते खडी-मातीचे, त्यामुळे ही उंची गरजेचीच होती. वेग वाढला आणि पक्के रस्ते आले, तेव्हा हीच उंची अडचण ठरू लागली.

अडचण आकड्यांत सांगतो, म्हणजे नेमकी कळेल. गाडी १००० किलोची, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १४७० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटरवर धरू. गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट जोराने वळण घेतलं, तर आतल्या चाकांवरचा सुमारे २६२ किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, ती थोडी कमीच वाढते. म्हणून भार जितका कमी सरकेल तितकी चारही चाकांची मिळून पकड जास्त. आता हीच गाडी ३० मिलिमीटर खाली बसवा. सरकणारा भार २४८ किलोवर येतो. फरक १४ किलोंचा, म्हणजे पाच-साडेपाच टक्के. रेसमध्ये एवढ्यासाठी जिवाचं रान करतात. पण नुसत्या उंचीतून मिळतं ते एवढंच.

मग गाडी बसवल्यावर ती इतकी वेगळी का वाटते? कारण उंचीबरोबर स्प्रिंगही कडक होते आणि गाडी कलते कमी. आपण 'खाली' म्हणून ज्याचं कौतुक करतो, त्यातला मोठा वाटा 'कडक'चा असतो. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

गाडी खाली आणण्याच्या दोन परंपरा जगात जवळपास एकाच काळात वाढल्या. एक निव्वळ दिसण्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात तरुण पोरं जुन्या गाड्या जमिनीला टेकतील इतक्या खाली आणायची. शेवटी तिथं १९५८ पासून कायदा आला, की गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेच्या खाली जाता कामा नये. त्यावरही तोड निघाली. पोलीस दिसला की गाडी वर आणि तो गेला की खाली, असे हायड्रॉलिक पंप बसू लागले. त्या कारागिरीला दाद दिलीच पाहिजे, पण तिचा वळणांशी काही संबंध नव्हता.

दुसरी परंपरा हँडलिंगची, म्हणजे वळणात गाडी कशी आवरते याची, आणि छोट्या हॅचबॅकचं खरं मूळ तिथं आहे. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी आली. दहा इंची चाकं आणि स्प्रिंगच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी बनवलेले रबरी कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचे ठोकळे. रबर का, याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. छोटी गाडी वजनाला हलकी, पण तिच्यात बसणारी माणसं काही हलकी होत नाहीत. एकटा ड्रायव्हर असताना आणि पाच माणसं भरल्यावर वजनात जो फरक पडतो, तो मोठ्या गाडीपेक्षा प्रमाणाने कितीतरी जास्त. रबर दाबलं जाईल तसं अधिकाधिक कडक होत जातं, त्यामुळे दोन्ही वेळा गाडी सावरून राहते. रेसवाले या कोनाला टेकणारा धातूचा ट्रम्पेट थोडा घासून कमी करायचे, की गाडी त्याच्या काही पट खाली यायची. जॉन कूपर यांच्या नावाची मिनी १९६१ मध्ये आली आणि १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनीने माँटे कार्लो रॅली जिंकली.

आपल्या रस्त्यांवरच्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांना मात्र रबरी कोन नसतो, मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन यांची ही मांडणी फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या ब्रिटिश गाड्यांतून १९५० च्या सुमारास लोकांपुढे आली. शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात, खाली चाकाला धरणारा एक लोअर आर्म. जागा कमी, भाग कमी, खर्च कमी. १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयलाही तेच होतं. ११० अश्वशक्ती, वजन आठशे किलोंच्या थोडं वर. कंपनीनेच ती साध्या गोल्फपेक्षा खाली बसवली होती, पण त्याबरोबर स्प्रिंग, शॉकअप आणि अँटी-रोल बार (कलणं आवरणारी आडवी दांडी) यांचा मेळ घालून. यानंतर जर्मनीत लोअरिंग स्प्रिंगचा धंदा फोफावला आणि तिथल्या सरकारी व्यवस्थेने त्याला शिस्तही लावली. स्प्रिंगला चाचणीचा दाखला हवा, बसवल्यावर तपासनीसाने गाडी पाहायला हवी आणि बदलाची नोंद कागदावर यायला हवी.

आपल्याकडे अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनीच्या काळात मागं कमानीच होत्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९८६ मध्ये तिचं नवं रूप आलं आणि मागंही कॉइल स्प्रिंग आल्या. १९९३ ची झेन ही माझ्या पिढीची पहिली नादाची गाडी. हलकी, बुटकी, गिअर मारायला गोड. पुढं २००५ मध्ये स्विफ्ट आणि २०१० मध्ये चाकणच्या कारखान्यातून पोलो आली. युरोपातल्या भावंडापेक्षा आपली पोलो मुद्दाम उंच ठेवलेली होती. ती चार बोटांची गॅप कंपनीची चूक नव्हती, आपल्या रस्त्यांसाठी केलेली तरतूद होती.

माझ्याही झेनच्या पुढच्या स्प्रिंग मी एका गॅरेजात कापून घेतल्या होत्या. सहा वेढ्यांतले दीड काढले. स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या उलट प्रमाणात चालतो, म्हणजे साडेचार वेढ्यांची स्प्रिंग तिसऱ्या हिश्शाने जास्त कडक. शॉकअप मात्र जुनेच. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या वळणावर रस्ता उंचसखल होता. गाडीने पहिला उंचवटा घेतला, शॉकअपला उसळी आवरेना, दुसऱ्या उंचवट्यावर ती बंप स्टॉपवर, म्हणजे स्प्रिंग पुरती दाबल्यावर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर आदळली आणि पुढची चाकं सरळ दरीच्या बाजूला घसरली. कठडा हातभर अंतरावर राहिला. मागच्या सीटवर आई होती. त्या दिवसानंतर हा विषय मी पहिल्यापासून शिकायला घेतला.

शिकल्यावर कळलं ते असं. मॅकफर्सनच्या गाडीत लोअर आर्म साधारण आडवा असतो. गाडी खाली आली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं. गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर मग गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि कलण्याची ओढही वाढते. म्हणजे कडकपणा न वाढवता नुसती गाडी बसवली, तर ती जास्त कलू शकते! स्टिअरिंगपासून चाकाला जोडणाऱ्या टाय रॉडचा कोन बिघडला की खड्ड्यात चाक आपोआप वळतं. कापलेली स्प्रिंग चाक लटकल्यावर बैठकीतून सुटू शकते. आणि गॅस पेटवून तापवलेली स्प्रिंग तर वापरूच नये. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत हीट ट्रीटमेंट करणाऱ्या कुठल्याही कामगाराला विचारा. पोलादाला चढवलेलं पाणी ज्योतीने उतरतं, हे तो कामाला लागल्या पहिल्या महिन्यात शिकतो.

म्हणूनच मला वाईट वाटतं. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार या इथल्या यंत्रउद्योगाच्या जुन्या कर्त्यांची नावं जिथं आदराने घेतली जातात, त्या गावाला हे काम नीट करायला परक्याकडून काही शिकायची गरज नाही. इथं कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाड्यांचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या त्यावर झाल्या आहेत. कार्टला सस्पेन्शनच नसतं. चासी स्वतःच पिळवटते आणि बूड जमिनीपासून काही बोटांवर असतं. तिथं लहानपणी चालवलेल्या पोरांना 'खाली' म्हणजे काय ते अंगाने कळलेलं असतं. पण कार्टखालचा डांबरी ट्रॅक तळहातासारखा असतो.

आपला रस्ता तसा नाही. नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असते. गल्लीतले कितीतरी गतिरोधक याहून उंच आणि टोकदार आहेत. पोलोचं पोट रिकामी असताना जमिनीपासून साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास. त्यातून चार सेंटिमीटर वजा करा, मग घरच्या पाच माणसांना घेऊन जोतिबाला निघा. मोल्टन यांनी रबर का निवडलं, ते पहिल्याच गतिरोधकावर समजतं.

कायद्याची बाजूही कोल्हापूरकर विसरतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी कंपनीचं मूळ वर्णन जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. जर्मनीसारखी तपासून नोंद करून देणारी सोपी वाट आपल्याकडच्या हौशी माणसाला मिळत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. ती वाट असती तर कापाकापी आपोआप मागं पडली असती.

झेन अजून माझ्याकडे आहे. पुढं पुन्हा मूळ मापाच्या स्प्रिंग घातल्या, शॉकअप नवे, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट नवे, टायर चांगले आणि अलाइनमेंट नेमकं. उंची कंपनीची तेवढीच. वाघबीळचं ते वळण ती आता त्याच वेगात घेते आणि स्टिअरिंग हातात हलत नाही.