पिच

पिच : इंग्रजीतून मराठीत रुळलेली अनेकार्थी संज्ञा. क्रिकेटची खेळपट्टी, स्क्रूच्या दोन आट्यांमधील अंतर, सुराची पट्टी, डांबरासारखा काळा पदार्थ, छपराचा उतार आणि अलीकडे गुंतवणूकदारांपुढील सादरीकरण हे तिचे प्रचलित अर्थ होत. रूप एकच असले तरी कोशकार पदार्थवाचक पिचची नोंद वेगळी करतात.

व्युत्पत्ती : पदार्थवाचक पिचच्या मुळाबद्दल वाद नाही. लॅटिन ‘पिक्स’वरून जुन्या इंग्रजीत ‘पिक’ व पुढे ‘पिच’ झाले. जर्मन ‘पेख’ त्याच कुळातला. दुसऱ्या पिचचे मूळ मात्र अनिश्चित आहे. मध्य इंग्रजीत, साधारणतः तेराव्या शतकापासून, रोवणे, खुपसणे, ठोकून पक्के करणे या अर्थांचे ‘पिचेन’ हे क्रियापद आढळते. त्याआधीचे रूप अनुमानानेच मांडावे लागते. टोचणे या अर्थाच्या ‘पिक’शी त्याचे नाते जोडण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. तंबू ठोकणे हा अर्थ अजून टिकून आहे. फेकणे हा अर्थ टोकदार वस्तू फेकून रुतवण्यातून, तर स्वराचा व उताराचा अर्थ ‘ठरावीक उंचीवर नेमून ठेवणे’ यातून आला असावा.

खेळपट्टीवर चेंडूचा टप्पा पडतो म्हणून ती पिच, अशी समजूत आहे. पण १७४४ च्या क्रिकेट नियमांत यष्टी रोवण्यासाठी हेच क्रियापद येते. पहिली यष्टी कोणी रोवायची हे नाणे उडवून ठरवावे व समोरची २२ यार्डांवर रोवावी, असे तिथे सांगितले आहे. त्यामुळे यष्टी रोवण्याची जागा ती पिच, ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. आजच्या नियमांनुसार तिची लांबी २०.१२ मी. व रुंदी ३.०५ मी. असते.

यंत्रशास्त्र : लगतच्या दोन आट्यांवरील समान बिंदूंमधले, अक्षाला समांतर मोजलेले अंतर म्हणजे पिच. एका फेऱ्यात नट जितका सरकतो ती लीड. एकेरी आट्यांत दोन्ही सारखी, दुहेरी (दोन समांतर चरींच्या) आट्यांत लीड पिचच्या दुप्पट. एम १० (१० मिमी. व्यासाच्या मेट्रिक) बोल्टचे जाड पिच १.५ मिमी., बारीक १.२५ मिमी. टॅप (भोकात आटे पाडणारे हत्यार) मारण्यापूर्वीचे भोक साधारणपणे व्यासातून पिच वजा करून काढतात : एम १० × १.५ साठी ८.५ मिमी. भोक लहान राहिले तर टॅप मोडतो, मोठे झाले तर आटे उथळ पडतात.

बारीक पिचच्या बोल्टवर जाड पिचचा नट दोन-तीन फेऱ्यांत अडकतो. पान्याचा जोर लावला की आटे जातात. तीन सुती (⅜ इंच) बोल्टची गोष्ट अधिक फसवी. इंचाला १६ आटे, म्हणजे पिच १.५८७५ मिमी.; एम १० पेक्षा फरक आट्यामागे जेमतेम ०.०९ मिमी. व्यासही जवळपास अर्धा मिमी. कमी असल्याने तो एम १० च्या नटात शिरतो, पण ढिला बसतो. कसताना भार मोजक्याच आट्यांवर येतो. नजरेला हा फरक कळत नाही. पिच गेजचे (आटे तपासण्याच्या दातेरी पट्ट्यांच्या संचाचे) पान आट्यांत बसवून उजेडासमोर धरावे, किंवा दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागावे.

इंची लीड स्क्रूच्या (हत्यार सरकवणाऱ्या स्क्रूचे आटे इंचाच्या मापाचे असलेल्या) लेथवर मेट्रिक आटे अचूक पाडण्यासाठी १२७ दात्यांचे चेंज गिअर (बदलता येणारे दातेरी चाक) लागते, कारण ५ इंच म्हणजे १२७ मिमी. अशा कामात पास (हत्याराची एक खेप) संपल्यावर हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दुभागलेला नट) उघडायचा नसतो. हत्यार बाहेर काढून यंत्र उलटे फिरवावे. नट उघडला तर पुढचा पास बहुधा जुन्या चरीत बसत नाही.

संगीत : पाश्चात्त्य संगीतात फ्रान्सने १८५९ मध्ये ‘ए’ स्वर ४३५ हर्ट्झला बांधला, १९३९ च्या लंडन परिषदेने ४४० स्वीकारला. हिंदुस्थानी संगीतात षड्ज गायकाच्या गळ्यानुसार ठरतो. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ ही पट्ट्यांची नावे पेटीच्या पट्ट्यांवरून आली.

पदार्थ : दगडी कोळशाचे डांबर ऊर्ध्वपातित केल्यावर उरणारा काळा अवशेष. थंडीत हातोडीने फुटतो, तरी तो अतिशय दाट द्रवच आहे. क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये थॉमस पार्नेल यांनी मांडलेल्या प्रयोगात नरसाळ्यातून त्याचा नववा थेंब २०१४ मध्ये सुटला. पाइनच्या राळेपासूनचे पिच लाकडी जहाजांच्या फटी बुजवण्यास वापरत.

इतर : जहाज वा विमानाचे नाक वर-खाली होणे म्हणजेही पिच. ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या मैदानालाही हाच शब्द लावतात.