सशांच्या उन्हाळी खाद्यातील वनस्पतितेले : पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावर मार्च ते मे या महिन्यांत पारा विदर्भाइतका चढत नाही. तरीही दूध तोडलेली सशांची पिल्ले खाणे कमी करतात आणि त्यांची वाढ रेंगाळते. त्यावर उपाय म्हणून खाद्यात ओव्याचे, लवंगेचे किंवा दालचिनीचे तेल मिसळण्याचा सल्ला आता सर्रास दिला जातो. मात्र ही तेले पशुखाद्यात शिरली ती उन्हाळ्यापायी नव्हे, तर प्रतिजैविकांची जागा भरून काढण्यासाठी.

वाढ चांगली व्हावी म्हणून जनावरांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा 1950 नंतर रूढ झाली. स्वीडनने 1986 मध्ये ती बंद केली आणि 1 जानेवारी 2006 पासून युरोपीय संघाने उरलेल्या प्रतिजैविकांनाही मनाई केली. भारतात 2019 मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुखाद्यातील वापर बंद झाला. युरोपातील निर्णयावर बराच वाद झाला. रोग वाढतील आणि उपचारासाठी औषधे अधिक लागतील, असे विरोधकांचे म्हणणे होते. डेन्मार्कमध्ये उपचारासाठीचा वापर काही काळ वाढलाही, पण एकूण वापर पूर्वीपेक्षा बराच खाली राहिला. सशांच्या बाबतीत विरोधकांची बाजू अधिकच लंगडी वाटते, कारण सशाचे पचन अंधांत्रातील (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतील) जीवाणूंवर चालते आणि लिंकोमायसिन किंवा ॲम्पिसिलिनसारखे औषध तोंडावाटे गेले तर तेथील समतोल बिघडून ससा दगावू शकतो. ओवा, लवंग अशा वनस्पतींच्या तेलांतील, जीवाणूंना आवर घालणाऱ्या थायमॉल, कार्व्हाक्रॉल आणि युजेनॉल या घटकांकडे या वादातून लक्ष गेले.

उन्हाळ्याचा संबंध नंतर जोडला गेला. उष्ण देशांत, विशेषतः इजिप्तमध्ये, उकाड्यात वाढणाऱ्या सशांवर प्रयोग झाले आणि उष्णतेमुळे पेशींची होणारी हानी ही तेले कमी करतात का, हे तपासले गेले. त्याच सुमारास घाण्यावरच्या तेलांचा जुना विचारही यात मिसळला : स्निग्ध पदार्थ पचताना शरीरात उष्णता कमी निर्माण होते, म्हणून उन्हाळ्यात खाद्यातील ऊर्जेचा काही भाग तेलातून द्यावा. हे दोन उपाय मुळातच वेगळे आहेत. घाण्याचे तेल किलोभर खाद्यात 10 ते 30 ग्रॅम चालते, तर ओवा-लवंगेसारखे अर्क काढलेले सुगंधी तेल बहुधा एका ग्रॅमपेक्षाही कमी लागते. लवंगेचे तेल खोबरेलासारखे चमच्याने ओतले, तर त्या उग्र वासाच्या खाद्याला ससे तोंडही लावणार नाहीत.

कोकणात अडचण हवेतील दमटपणाची आहे. सशाला घाम जवळजवळ येत नाही. अंगातली उष्णता कानांतून आणि श्वासावाटे बाहेर पडते, आणि दमट हवेत श्वासाची वाट मंदावते. पिंजऱ्याखालून वारा खेळता नसेल, तर तेलाकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय उघड्या पोत्यात ठेवलेल्या खाद्यातून अर्क उडून जातो. लाखीबागेतल्या (नारळाच्या बागेत मसाल्याची आंतरपिके घेतात तिथल्या) दालचिनीचे तेल वापरायचे म्हटले, तर तिच्या पानांच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असते आणि सालीच्या तेलात सिनामाल्डिहाइड; त्यामुळे बाटलीवर नुसते ‘दालचिनी तेल’ लिहिलेले असेल, तर मात्रा ठरवायला आधारच उरत नाही.