मागची स्प्रिंग कडक केली, तरी गाडी का डुलते?

जड प्लग-इन हायब्रिड (म्हणजे इंजिनासोबत बाहेरून चार्ज होणाऱ्या बॅटरीवरही चालणारी) एसयूव्ही वेगात एखाद्या उंचवट्यावरून गेली की तिचा मागचा भाग उसळतो, खाली बसतो आणि पुन्हा उसळतो. मागे बसलेल्यांना मळमळतं. अशा वेळी बहुतेकांचा संशय स्प्रिंगवर जातो. माझ्या मते आधी शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे स्प्रिंगचं डुलणं आवरणारा भाग, तपासायला हवा.

या गाडीत इंजिन आणि इंधनाची टाकी असतेच, त्यात बॅटरी आणि मोटरची भर पडते. 2013 मध्ये आलेल्या मित्सुबिशी आउटलँडरच्या प्लग-इन मॉडेलमध्ये 12 किलोवॉट-तासांची बॅटरी होती आणि मागच्या चाकांसाठी वेगळी मोटर. गाडीचं वजन 1,800 किलोंच्या घरात गेलं.

समजा, मागच्या चाकांवर 700 ऐवजी 900 किलो भार आला. स्प्रिंग तीच राहिली तर मागचा भाग खाली बसतो आणि सावकाश डुलतो. हे डुलणं आवरण्याची शॉकची ताकद सुमारे 12 टक्के अपुरी पडते. आता उंची परत मिळवायला स्प्रिंग त्याच प्रमाणात, म्हणजे 29 टक्के कडक केली. डुलण्याची गती पूर्वीसारखी होते, पण शॉक जुनाच असेल तर तूट 12 वरून 22 टक्क्यांवर जाते! कारण स्प्रिंग जितकी कडक, तितकी ती दाबली गेल्यावर जास्त ऊर्जा साठवून परत फेकते. ती ऊर्जा उष्णतेत जिरवणं हे शॉकमधल्या तेलाचं काम. म्हणून स्प्रिंग आणि शॉक जोडीनेच बदलावेत.

डुलण्याच्या गतीलाही महत्त्व आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2.7 मीटर असेल, तर ताशी 80 किलोमीटर वेगाला मागचं चाक त्याच उंचवट्यावर 0.12 सेकंद उशिरा पोचतं. मागची बाजू थोडी जलद डुलली तरच ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट राहते. अभियंता मॉरिस ओली यांनी 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे तत्त्व मांडलं. मागे वजन वाढलं की नेमकं हेच बिघडतं.

खरा धोका वळणावर असतो. आधीच खाली बसलेली गाडी सामान भरल्यावर रबरी बंप स्टॉपवर (स्प्रिंग पूर्ण दाबली जाऊ न देणाऱ्या अडथळ्यावर) टेकते. मागची बाजू एकदम कडक होते, बाहेरच्या चाकावर जास्त भार जातो आणि मागची पकड सुटू शकते. त्यामुळे भरलेल्या गाडीसाठी सांगितलेला टायरमधल्या हवेचा दाब पाळावा आणि उंची बदलली की मागच्या चाकांचंही अलाइनमेंट करून घ्यावं.