डबा घेऊन जायचं कुठं? बेळगावच्या रविवारची पार्श्वभूमी

बेळगावात रविवारी पोरांना घेऊन जायच्या जागा मोजायला बसलं की एक गंमत दिसते, फिरायला म्हणून मुद्दाम केलेली जागा त्यात फार थोडी. बाकी सगळ्या दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी झाल्या आणि मागनं आम्ही तिथं सतरंजी टाकली.

जुन्या माणसांकडं सहल हा शब्दच नव्हता, जत्रा होती. मार्गशीर्ष नाहीतर माघ पुनवेला सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाड्या जुंपून अख्खं घर निघायचं, भांडी, जळण, तान्ही पोरं सगळं गाडीत, वाटेत झाडाखाली चूल. शेतावर जाणं पण देवाच्याच निमित्तानं. शीगी हुण्णिमेला म्हणजे कोजागिरीच्या पुनवेला कन्नड शेजारी शेतात नैवेद्य नेऊन चरग शिंपडतात, म्हणजे त्यातलं थोडं पिकात टाकतात, आणि मग बांधावरच जेवायला बसतात. हल्ली त्याला ॲग्रो टुरिझम म्हणून तिकीट लावतात ते वेगळं.

मग आलं लष्कर. 1818 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, पुढं शेजारी कॅम्प वसला आणि गर्द झाडीचे रुंद रस्ते झाले, साहेबांच्या सोयीसाठी. आज तिथं मिलिटरी महादेव आहे. देऊळ लष्कराचं, खरं बाजूला बाग असल्यामुळं आजीचं दर्शन आणि पोरांची घसरगुंडी एकाच खेपेत उरकते.

गोकाकचा धबधबा तर गिरणीवाल्यांचा म्हणायचा! घटप्रभा तिथं साधारण 170 फूट खाली उडी घेते, त्या पाण्याच्या जोरावर 1887 च्या सुमाराला सूतगिरणी चालू झाली आणि नदीवर जवळजवळ 200 मीटर लांबीचा झुलता पूल आला. आमच्या लहानपणी पावसाळ्यात तिकडची एक फेरी ठरलेली असायची. पुलावर मधोमध गेलं की फळ्यांच्या फटीतनं खाली चहासारखं तांबडं पाणी दिसायचं, आई एका हातानं तार आणि दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरून चालायची आणि काका मुद्दाम पाय आपटायचे. एकदा माकडानं चपातीभाजीची अख्खी पिशवी नेली, मग दुपारचं जेवण म्हणजे नुसतं करदंट, तिकडची डिंक-सुक्यामेव्याची मिठाई.

टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो त्याहून भारी. देवीची लस देशात ज्या मोजक्या ठिकाणी तयार व्हायची त्यातलं एक बेळगाव. देवीचा रोग गेला, लसीचं काम संपलं, झाडी आणि मोकळी जागा मात्र राहिली, तिथं आता सकाळी वॉकिंगवाले आणि सुट्टीला टेनिस बॉलच्या चार-पाच मॅचेस एकदम. एका मॅचचा पॉईंट दुसऱ्या मॅचच्या स्लिपमध्ये उभा असतो, बॉल कुणाचा यावरनं मराठी-कन्नड दोन्हीत भांडण होतं आणि घरची माणसं कडेला सावलीत बसून शेंगा सोलत बघतात.

जवळच काँग्रेस विहीर. डिसेंबर 1924 मध्ये गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन इथं झालं, एवढ्या माणसांना पाणी हवं म्हणून ती खणली. आता तिथं बाग आहे. राकसकोपचं पण तसंच, मार्कंडेयवरचं धरण गावाला पाणी द्यायला बांधलं आणि पोरं त्याला पिकनिक स्पॉट म्हणूनच ओळखतात.

मुद्दाम घरच्यांना घेऊन जावं असं म्हणाल तर भूतरामहट्टीचं झू, हायवेला लागून. आधी आम्ही त्याला मिनी झू म्हणायचो, 2021 मध्ये सिंह आले तेव्हापासनं गर्दी वाढली.

आणि पावसात आंबोली. 1956 मध्ये आम्ही मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात आलो, म्हणजे आताच्या कर्नाटकात, त्यामुळं आता आंबोलीला जाताना महाराष्ट्राच्या हद्दीवर शिनोळीत पाटी बदलते, मराठी दिसायला लागते. मागच्या सीटवर बसलेले आमचे आजोबा दर खेपेला ती पाटी मोठ्यानं वाचायचे, आणि मग म्हणायचे, "आता काढा डबा."